चिकटवलेलं हसू

"फ्रेम कसलीही चालेल, पण या पिवळ्या चेहऱ्यांना हात लावू नका," दुसरीच्या बाईंनी वर्गाचा फोटो काउंटरवर ठेवत सांगितलं. "ज्यांच्या घरून परवानगी नाही, त्यांचे चेहरे झाकूनच फोटो भिंतीवर लावायचा, असा आमचा नियम आहे. कॉम्प्युटरवर झाकायचे राहून गेले, मग छापल्यावर हे स्टिकर चिकटवत बसले."

फ्रेमवाल्याने मान डोलावली. फोटोत तीन मुलं गोल, पिवळी आणि हसरी झाली होती. पोटात दुखत असलं तरी हसणारी. त्यातल्या मधल्या मुलीचा एक मोजा घोट्यापर्यंत घसरला होता, आणि डावं पाऊल थेट त्याच्या स्वतःच्या पावलासारखं आत वळलेलं होतं. लेक ओळखायला बापाला चेहरा लागत नाही. पण बघायला लागतो ना!

"तुमचं होईतो शेजारच्या दुकानातून रंगीत कागद घेऊन येते," म्हणत बाई बाहेर पडल्या.

घर मोडलं तेव्हा लेक आईकडे गेली आणि भेटी बंद झाल्या. त्याने मग तिचा गणवेशातला फोटो मोबाइलवरून गावभर पाठवला. 'माझ्या लेकीला मला भेटू देत नाहीत हो,' म्हणून गळा काढला. लोक हळहळले. आणि पुढे नको ती माणसं शाळेच्या फाटकाशी उभी राहून तिला नावाने हाका मारू लागली. आईने शाळा बदलली, आणि नव्या शाळेत फोटोला साफ 'नाही' सांगितलं. ते 'नाही' कुणामुळे, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी हात शिवशिवलेच. काचांवरची जुनी लेबलं काढणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. त्याने ड्रायर लावला. गोंद सैल झाला, स्टिकरची कड उचलली गेली. खालून एक कान दिसला. एवढा मोठा झाला हिचा कान? आता जरासं ओढलं की झालं.

"अहो दादा, काय करताय?" बाई दारात उभ्या होत्या.

"काही नाही. कड सुटली होती." त्याने ती अंगठ्याने दाबून बसवली. अंगठा मात्र तिथून उचलेना. "बाई, खाली ही हसतेय का हो?"

बाई चांगल्याच फैलावर घेणार होत्या. पण त्याचा अंगठा अजून त्या कडेवरच होता. त्या हळूच म्हणाल्या, "पुढचे दोन दात पडलेत तिचे. ओठ घट्ट मिटून हसते. फोटोवाल्याने हजारदा सांगितलं, पण तोंड उघडलं नाही बाईसाहेबांनी."

त्याने काच बसवली, मागून खिळे मारले, फ्रेम कागदात गुंडाळून दिली.

बाई गेल्यावर तो विकायला टांगलेल्या एका आरशासमोर जाऊन उभा राहिला. इकडेतिकडे बघितलं, आणि ओठ घट्ट मिटून हसून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. ओठ काही केल्या मिटलेले राहीनात.