टसरची मादी

उजाडलं तरी दारातल्या बांबूला दोऱ्याने बांधलेली टसर रेशमाच्या पतंगाची मादी एकटीच होती. हळदी पंख, प्रत्येकावर काचेसारखा गोल डोळा. दरवर्षी अशा मादीच्या वासावर डोंगरातून नर यायचा. यंदा खाणीसाठी डोंगरावरची, ज्यांच्या पानांवर या अळ्या वाढतात ती ऐनाची झाडं तोडली. नर येणार कुठून?

डोमाजीने दोरा सोडला. मागे सून चुलीपाशी रात्रीचं ताट रिकामं करत होती. हैदराबादला गेलेल्या नवऱ्यासाठी ती अजून रोज वाढून ठेवायची.

"पोरी, तो येत नाही आता," डोमाजी तिच्याकडे न बघता म्हणाला. "माहेरी जा. पाट लावून घे."

"मग तुम्हाला कोण रांधून घालील, मामाजी?"

त्याने मादी तळहातावर घेतली.

"हिला तोंडच नसतं, पोरी. तरी न खाता जगतेच की चार दिवस."