मान मोठ्या नावाला

लेस्टर म्हणजे सत्तरच्या दशकातल्या 'आयर्न पार्लमेंट'चा ड्रमर. चार गाजलेल्या बँडमधले चार उस्ताद एकत्र येऊन तो बँड झाला, आणि "खरा बँड म्हणजे मीच" असं चौघंही अजून सांगत फिरतात. लोकांनी गराडा घालू नये म्हणून लेस्टर आमच्या पबमध्येसुद्धा काळा चष्मा लावून बसतो. गराडा अजून कुणी घातलेला नाही.

पबमधल्या गुरुवारच्या प्रश्नमंजुषेत प्रश्न विचारणाऱ्या मॉरीनच्या कागदावर असेल तेच उत्तर खरं; वाद घातला की गुण कापते. काल माझ्या आणि लेस्टरच्या टीमला जिंकायला एकच गुण कमी पडत होता, आणि तिने शेवटचा प्रश्न विचारला, "'आयर्न पार्लमेंट'मधला कोण वारला?"

"अरे, तुम्ही चौघंही जिवंत आहात की!" मी कुजबुजलो.

"गप बस लेका, गुण जातील," म्हणत लेस्टरनं ऐटीत स्वतःचंच नाव लिहिलं. "मेलेला म्हणूनसुद्धा लोकांना आठवणार तो मीच."

मॉरीननं कागद बघून उत्तर वाचलं, "क्विंटन, गिटारवाला."

लेस्टर चष्मा काढून ताडकन उठला. "त्या गिटारवाल्याला कोण विचारतंय, बाई? मेलोय तो मी!"