नऊ झालेत

हाइमकाकांनी किल्ली कुरियरच्या पाकिटात टाकली आन् पाकिटाला डिंक लावला. वर पुन्याच्या कमिटीचा पत्ता लिहिला. आत एका ओळीची चिठ्ठी : 'मला आता ह्यातनं मोकळं करा.' सांगलीतल्या ज्यू लोकांच्या प्रार्थनाघराला ही एकच किल्ली. दुसरी न्हाई. सव्वीस वर्सं काकांच्याच खिशात हुती.

काका तिथले शमाश. म्हंजे दार उघडायचं, झाडायचं, दिवा लावायचा आन् मान्सं गोळा करायची. शेवटचं काम घाम काढनारं. मेलेल्या मान्सासाठी कदिशची प्रार्थना म्हनायची तर दहा पुरुष लागत्यात. नऊवर चालत न्हाई. आन् ह्या मुलखात आता घरं उरलीत किती? एक माधवनगरला, दोन मिरजेला, एक पलूसला, एक कवठे महांकाळला, दोन-तीन साताऱ्याकडं. बाकीची कवाच इस्रायलला गेली, न्हाईतर ठान्याला.

काकांनी मग एक युक्ती काढली हुती. म्हैन्याच्या पयल्या रविवारी, दिस उगवला की एकेकाला फोन लावायचा. "नऊ झालेत गड्या. तूच दहावा. तुझ्यापायी अडलंय." पयल्या फोनलाबी नऊच आन् शेवटच्या फोनलाबी नऊच. आपल्यापायी अडलंय म्हनल्यावर मानूस अंथरुनातनं उठून येतंय. सव्वीस वर्सं येत हुतं.

मग तिकडं लांब इस्रायलात लढाई पेटली आन् हितं प्रार्थनाघराच्या दारात पोलिस बसला. मानसिंग त्याचं नाव. मानूस लय चांगला. खुर्ची टाकून बसायचा, काकांचे फोन ऐकायचा आन् म्हनायचा, "काका, तुमच्या नवाचं दहा कवा व्हनार?" पन दारात पोलिस बघितला की लोकं बिचकायची. "काका, दिवस बरं न्हाईत," म्हनायची आन् फोन ठेवायची.

गेल्या म्हैन्यात पलूसचा एलिझर आला. पंप दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून, धुतलेला सदरा घालून. त्याचा बाप जाऊन वरीस झालं हुतं. काकांनी त्यालाबी नऊच सांगितलं हुतं. आत येऊन बघतोय तर त्याला धरून पाच. दुपारपतुर सगळी दाराकडं बघत बसली. सहावा काय आला न्हाई. बापाची कदिश तशीच राहिली. एलिझरनं डोक्यावरची टोपी काढली, घडी घातली, खिशात ठेवली.

"काका, तुमी मला नऊ म्हनला हुता."

एवढंच बोलला आन् गेला. शिवी दिली आसती तर काकांना बरं वाटलं आसतं.

आज परत तोच रविवार. काकांनी सकाळधरनं एकालाबी फोन लावला न्हाई. कोनत्या तोंडानं लावनार? डिंक वाळायची वाट बघत बसले. तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला.

"काका, एलिझर बोलतोय. हायसा कुठं तुमी?"

"घरी हाय रं. तू कुठनं बोलतोस?"

"प्रार्थनाघरातनं. आवं, नऊ जन कवाचं आत येऊन बसलोय. तुमीच दहावे. तुमच्यापायी अडलंय सगळं. या की बिगीबिगी."

त्याच्या मागनं एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. मानसिंग कुनाला तरी म्हनत हुता, "सरका, सावलीला हुबं ऱ्हावा जरा."

काकांनी पाकीट चाचपलं. किल्ली आतच हुती.

"आलोच रं. बसा तवर," म्हनले. डोक्यावर टोपी घातली, पायात चपला सरकवल्या, आन् त्या आत बसलेल्या नऊ जनांना दार उघडायला पाकीट फाडून किल्ली काढली.