बॉनेटवरचे पापड

घाट चढून आलेली गाडी अंगणात वाफा सोडत उभी होती आणि जावईबापू हातात फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले होते.

"अहो, उकळतं पाणी तोंडावर उडेल!" लेक ओरडली.

"मला नको शिकवूस."

आता जावयाला रागवायचं कसं? अनसूयाबाई आत जाऊन पापडांची चळत घेऊन आल्या. बंद बॉनेटवर जुनं लुगडं अंथरून त्यांनी भराभर पापड मांडले.

"ऊन उतरेपर्यंत हलवू नका हं, जावईबापू."

सासूबाईंच्या पापडांना हात कोण लावणार? बिचारे चहा पीत बसले. संध्याकाळी गार झालेल्या रेडिएटरचं झाकण उघडून त्यांनी कूलंट भरलं आणि ऐटीत कॉलर ताठ केली.

पापड गोळा करताना लेक थबकली. "आई, हे तर गेल्या वर्षीचे!"

"हळू बोल. उद्या ते चालू इंजिनात फॅनबेल्ट तपासणार आहेत. कुरडयांचा डबा काढून ठेव."