सहावा पेला

"कोरा म्हणजे अगदी कोरा हवा," नावाड्याने बजावलं. "मागच्या खेपेला बुडाला कंपनीचा शिक्का निघाला. गिऱ्हाईक विचारतं, माझ्या बायकोच्या नावाखाली हा कोण?"

होलसेलवाला पोट धरून हसला आणि त्याने नवं खोकं फोडलं.

बाजारात सगळे त्याला नावाडीच म्हणत. होडीशी त्याचा काही संबंध नव्हता. पेल्यांवर, पेनांवर, किल्ल्यांच्या बिल्ल्यांवर लोकांची नावं टाकून द्यायची, हा त्याचा धंदा. नाव टाकायला वेळ लागत नाही. जीव जातो तो चांगला कोरा माल शोधण्यात. एका खोक्यातले दोन पेले एका रंगाचे निघतील तर शपथ! म्हणून तो प्रत्येक पेला उजेडात धरून फिरवायचा, कडेवरून बोट न्यायचा, टिचकी मारून आवाज ऐकायचा. होलसेलवाला म्हणायचा, "अरे, मुलगी बघायला आलायस की पेला?"

तेवढ्यात फोन वाजला. सासऱ्यांचा होता.

लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी त्याला कधी फोन केला नव्हता. ते त्याला पहिल्यापासून पाण्यात पाहत. "दुसऱ्यांची नावं लिहून पोट भरणारा माणूस स्वतःचं नाव कधी कमावणार?" असं त्यांनी मुलीला भर बैठकीत विचारलं होतं. नावाडी तेव्हा दाराशीच उभा होता.

"सहा पेले हवेत," सासरे म्हणाले. त्यांची सगळी नोकरी तार खात्यात गेली होती. शब्दामागे पैसे पडतात अशा बेताने ते घरातही बोलत. "माझ्या ऑपरेशनच्या आधी सगळे एकत्र जेवू. पाच जणांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत."

"हो. आणि सहावा?"

"सहावा तुमचा. कोरा."

फोन बंद झाला.

नावाडी हातातल्या पेल्याकडे बघत राहिला. मघाशी फोनवर त्यांचं नाव दिसलं तेव्हा त्याला वेड्यासारखा आनंद झाला होता. आता कान तापले. स्वतः सासरे, सासूबाई, मेहुणा, मेहुण्याची बायको, आपली बायको; पाच जणांना नावं आहेत. जावई तेवढा बिननावाचा. जेवायला बोलावून सगळ्यांसमोर दाखवायचं, की तू आमच्यातला नाहीस!

"काय रे, काय झालं?" होलसेलवाल्याने विचारलं.

"काही नाही. पाच उत्तम काढ. आणि एक सेकंडच्या मालातला."

सेकंडच्या ढिगातून त्याने स्वतःच्या हाताने एक पेला निवडला. कडेला पोचा होता, अंगठा बसेल एवढा. होलसेलवाल्याने तो फुकट दिला.

घरी बायकोचा विश्वास बसेना. "बाबा असं म्हणाले? तुझ्या पेल्यावर नाव नको म्हणून?"

"माझ्या कानांनी ऐकलं."

"एकदा परत विचारून बघ ना. मी विचारू का?"

"खबरदार विचारलंस तर! मी काय भीक मागू, माझं नाव टाका म्हणून?"

तिने हातात घेतलेला फोन खाली ठेवला. त्याच्या अभिमानापुढे ती नेहमीच माघार घेई.

पाच पेल्यांवर त्याने आजवर कुणासाठी केलं नव्हतं असं काम केलं. सासऱ्यांच्या नावातली वेलांटी तर बघत राहावी अशी उतरली. उत्तम काम करूनच माणसाला लाजवता येतं, असं त्याला वाटत होतं.

जेवणाच्या दिवशी सासूबाईंनी पेले मांडले. मेहुण्याने स्वतःचं नाव वाचून शीळ घातली. सासऱ्यांनी मात्र आपला पेला उचललाच नाही. त्यांनी जावयासमोरचा घेतला, चष्मा वर सारला आणि तो सगळीकडून फिरवून पाहिला. पोच्यावर त्यांचं बोट थांबलं.

"तुमचा हाच?"

"हाच."

"असा?"

"असाच. मला चालतो."

सासऱ्यांनी पेला हळूच खाली ठेवला. मग ते फारसे जेवलेच नाहीत. टोला वर्मी बसला, हे नावाड्याला कळलं, आणि खरं सांगायचं तर त्याला त्या जेवणात एवढी एकच गोष्ट गोड लागली. निघताना तो पेला त्याने मुद्दाम टेबलावरच सोडला.

ऑपरेशन झालं, पण सासरे अंथरुणावरून उठले नाहीत. बायको रोज जाऊन यायची. "ते तुझी चौकशी करतात," असं ती एकदा म्हणाली.

"नाव घेऊन करतात का?" त्याने विचारलं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

सासरे गेल्यावर काही दिवसांनी सासूबाई दुकानात आल्या. नावाडी नव्या मालाची खोकी लावत होता. त्याने घाईघाईने स्टूल पुसून पुढे केलं. त्या बसल्या आणि पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पोच्याचा पेला काढला.

"शेवटपर्यंत ह्यातूनच पाणी प्यायले," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या नावाचा कपाटातच राहिला. घ्या, जावईबापू. तुमचा आहे."

"माझा कसला?" नावाड्याचा आवाज चढला. एवढ्या दिवसांचं साचलेलं आता त्याला आवरेना. "नाव कुठंय त्याच्यावर माझं?"

"तेच ते मला विचारायचे," सासूबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "'मी त्यांना कोरा म्हणून सांगितलं होतं. मग त्यांनी का नाही कोरलं?'"