डाव्या हाताचं दळण

हातचक्कीला ड्रिल मशीन जोडण्यात दिवाकरकाकांचा फायदा एवढाच होता, की दुखरा डावा हात हलवावा लागणार नव्हता. त्या हाताचा खांदा इतका आखडला होता, की सदरासुद्धा भानुमतीकाकू घालून द्यायच्या. डॉक्टर म्हणाले, हात रोज गोल फिरवा, नाहीतर कायमचा जाम होईल. काकूंनी सिहोऱ्याच्या बाजारातून हातानं फिरवायची छोटी चक्की आणली. व्यायामही होईल आणि पीठही मिळेल, असा त्यांचा हिशेब.

काका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. त्यांनी चक्कीचा दांडा काढला आणि त्या जागी ड्रिल मशीन जोडली.

"अहो, डॉक्टरनं पीठ मागितलं काय?" काकू म्हणाल्या. "हात फिरवायला सांगितला न."

"चक्की फिरून राहिली न," काका म्हणाले. "मग मी काहून फिरवू?"

उजव्या हातात ड्रिल धरून त्यांनी बटण दाबलं. पीठ छान पडत होतं. मग गव्हात खडा आला. चक्की जागीच अडली, ड्रिल मात्र थांबली नाही. ती काकांचा हात घेऊन फिरली. मनगट मोडलं, प्लास्टर चढलं.

घास भरवायला, दाढी करून द्यायला काकूंनी साफ नकार दिला. "डावा रिकामाच आहे न तुमचा," एवढंच म्हणाल्या.



महिन्याभरात डावा खांदा मोकळा झाला. त्याची किंमत उजव्या मनगटानं मोजली.