मावशींचा डोळा

एका हाताने अर्ध्या चेहऱ्यावरचा पदर जरासा बाजूला धरून मावशींनी आरशात नवा डोळा निरखला आणि मान हलवली. "दादा, हा तर देवीचा डोळा झाला. माझ्या तोंडावर शोभायचा नाही."

भिकाजींच्या कपाळाला आठी पडली. पेणच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी गणपतींचे डोळे रेखले होते. त्यांच्या हातचा डोळा पाहिला की लोक मूर्तीसमोरून हलत नसत. दवाखान्यातलं हे काम, कृत्रिम डोळ्यावर बुबुळ रंगवायचं, म्हणजे त्यांना पोरखेळ वाटला होता.

"पदर पुरता काढा बघू," ते म्हणाले आणि मावशींचा शाबूत डोळा त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिला. विटलेलं बुबुळ, त्याभोवती राखाडी कडा, पांढऱ्या भागावर पिवळट झाक, कोपऱ्यात दोन लाल शिरा. चूल फुंकण्यात जन्म गेलेला डोळा तो. यातलं काही गणपतीच्या डोळ्यात उतरलं असतं, तर मालकाने मूर्ती विकायलाच काढली नसती. भिकाजींनी कोरा डोळा घेतला आणि एकेक खोट मन लावून रंगवली.

दोन दिवसांनी मावशींनी तो बसवला. आरशात बराच वेळ पाहिलं आणि सहा वर्षं चेहऱ्यावर धरलेला पदर मागे सारला.

त्या बाहेर पडल्या तसे भिकाजी खिडकीशी गेले. फाटकापाशी मावशींनी चहा मागितला. चहावाल्याने कप पुढे केला, पण त्यांच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही.

"जमलं," भिकाजी स्वतःशीच म्हणाले.